टोपीखालचा प्रश्न

धरण काठोकाठ भरलं होतं. दरवाजे उघडण्याचा निर्णय टोपी घालूनच घ्यायचा असे. टोपी चढली की ओळखीच्या गोष्टींची ओळख पुसली जाई आणि माणूस चोख विचार करी, अशी सगळ्यांची खात्री होती. त्यामुळे कमलताई झगडे यांचं माहेर, कासारखेडं, धरणाच्या अगदी खाली असूनही त्यांना या खुर्चीत बसवताना कुणी कचरलं नव्हतं.

"माहेर बुडवू नका म्हणजे झालं," पेडणेकर साहेब हसत म्हणाले.

"टोपीत कुठलं आलंय माहेर?" असं म्हणत ताईंनी ती चढवली.

पडद्यावर प्रश्न आला. क झालं की ख होतं. ख झालं आहे. तर मग क झालं आहे का?

"झालं," ताई म्हणाल्या. दरवाजे उचलले जाऊ लागले.

टोपी काढून त्यांनी पुन्हा पडद्याकडे पाहिलं. आता तिथे खरे शब्द होते. गाव रिकामं झालं की गावच्या पाण्याच्या टाकीवर लाल निशाण चढतं. निशाण चढलं आहे.

"अहो, आज पोळा!" त्या किंचाळल्या. "आमच्याकडे पोळ्यालाही तेच निशाण चढवतात! सगळा गाव बैल सजवून वेशीत उभा असेल. माझा दादासुद्धा! बंद करा दरवाजे!"

पेडणेकरांनी घाबरून टोपी उचलली. बंद करण्याचा निर्णयही टोपीखालीच घ्यावा लागे. त्यांनी ती ताईंच्या डोक्यावर ठेवली.

ताईंचा चेहरा शांत झाला. नवा प्रश्न त्या सावकाश वाचू लागल्या.

"साहेब, एवढे घाबरलात कशाला?" त्या म्हणाल्या. "नुसते क आणि ख तर आहेत."