डब्यांवरची नावं

शरयूबाईंच्या स्वयंपाकघरातले डबे चाळीस वर्षं बिननावाचेच होते. आज दिगंबरराव एकेका डब्यावर चिठ्ठी चिकटवत होते: साखर, मीठ, रवा.

“अहो, माझा रिपोर्ट आलाय ना? खरं सांगा!” शरयूबाई कडाडल्या.

सत्तरीनंतर मेंदूची तपासणी सक्तीची होती. कुणाची स्मृती जाणार, ते पाच वर्षं आधीच कळायचं. पण रिपोर्ट जोडीदाराच्या फोनवर जायचा.

“काहीतरीच काय! डबे सारखेच दिसतात, म्हणून,” दिगंबरराव नजर चुकवत म्हणाले.

शरयूबाईंनी त्यांचा फोन हिसकावून आपला रिपोर्ट वाचला. मेंदू ठणठणीत होता.

मग त्यांनी स्वतःचा फोन पाहिला. दिगंबररावांचा रिपोर्ट आठवड्यापूर्वीच आला होता. शरयूबाईंनी तो उघडला नव्हता, तरी तो उघडलेला होता.