यादीवरची सही

अण्णांच्या मृत्युपत्राप्रमाणे वाटणी करून द्यायची जबाबदारी थोरल्या दादावर होती, पण वर्ष उलटलं तरी त्याचं घोडं अडलेलंच. दर रविवारी तिघं भावंडं अण्णांच्या घरी जमायची. कधी माळ्याची किल्ली सापडायची नाही, कधी सामानाची यादीच चुकलेली असायची. मग अण्णांनी प्रत्येकाच्या मापाने केलेल्या स्टुलांवर बसून चहा व्हायचा, मधला लहानपणीची भांडणं उकरून सगळ्यांना हसवायचा आणि काम पुढच्या रविवारावर जायचं. शेवटी वैतागून धाकटीने दादाला वकिलाची नोटीसच धाडली.

या रविवारी सगळं तयार होतं. भांडी खोक्यात, स्टुलं दाराशी ओळीने, टेबलावर यादी आणि पेन.

"उशीर झाला, चुकलंच माझं," दादा खालमानेने म्हणाला. "बघून घे आणि सही कर. आता दर रविवारी यायची कटकट नाही."

धाकटीने घरभर फिरून एकेक वस्तू यादीशी ताडून पाहिली. अण्णांच्या सुतारकामाच्या पेटीपाशी ती बराच वेळ बसली. मग बाहेर येऊन फणकारली, "पटाशा सात लिहिल्यात, पेटीत सहाच आहेत. असल्या कारभारावर मी सही करायची नाही. पुढच्या रविवारी पुन्हा पहिल्यापासून तपासू."

"अगं, काल तर मी स्वतः…" दादा बोलता बोलता थांबला. त्याने एक खोकं सोडलं आणि चहाचं पातेलं बाहेर काढलं.

धाकटीने दाराशी जाऊन आपलं स्टूल आणलं आणि पर्स जपून मांडीवर घेतली. आतल्या सातव्या पटाशीला अजून धार होती.