तीस बाय चाळीस

हेमकांतने टेप चौथ्यांदा ताणली. चौथ्यांदाही आंबा मधोमध आला.

शेड तीस बाय चाळीस फुटांची हवी होती. नकाशा वरून मंजूर होऊन आलेला, त्यात फूटभरही इकडेतिकडे करायची सोय नव्हती. अक्कलकुव्याहून वर डोंगरात चढत गेलं की गाडी या पाड्यापाशी थांबते, आणि पाड्यात सपाट जागा एवढीच. समोर रस्ता, मागे चढ, उजवीकडे नाला, डावीकडे कोकिळाचं घर. जमीनही कोकिळाचीच. महिला गटाची ती अध्यक्ष. सरकारच्या आमचूर केंद्रासाठी तिने ती आपणहून देऊ केली होती. कागदावर जागा मोकळी होती. आंब्याचा उल्लेख कुणी केला नव्हता.

फोन वाजला. "साहेब, आठेच शे मी," हेमकांत आपल्या गावच्या, कोरीटच्या बोलीत म्हणाला. "जागा चांगली शे, पण मझार झाड शे." पलीकडचं ऐकताना तो टेपचं टोक बोटाला गुंडाळत होता आणि सोडत होता. एकतीस मार्चला चार दिवस उरले होते. तोवर पायाची आखणी करून फोटो पाठवला नाही तर मंजुरी रद्द. तालुक्यातल्या दोन पाड्यांची केंद्रं आधीच अशी जागेवाचून गेली होती, आणि दोन्ही ठिकाणी इंजिनीयर हेमकांतच होता.

"झाड तोडावं लागेल, ताई," फोन ठेवत तो म्हणाला. "परवानगीचं मी बघतो. तुमची संमती द्या."

कोकिळाने वर पाहिलं. कैऱ्या आवळ्याएवढ्या झाल्या होत्या.

बोलली ती रविना, गटाची सचिव. दहावी शिकलेली, गुजरातेत ऊसतोड करून होळीला परत आलेली, कडेवर वर्षाचं मूल. "साहेब, नंदुरबारच्या प्रदर्शनात आमच्या आमचुराला बक्षीस मिळालं ना, तो याच झाडाचा. याच्या कैरीत रेषा नाही. फोड पांढरी राहते. तेच बघून तुम्ही योजना दिली."

"माहीत आहे मला."

"दुसरी झाडं आहेत," मागून एक बाई म्हणाली.

"आहेत. पण त्यांच्या फोडी काळ्या पडतात," दुसरी म्हणाली.

मग गटातल्या बाराही जणी एकदम आपल्या पावरी बोलीत बोलायला लागल्या. हेमकांतला शब्द कळेनात, पण भांडण कळत होतं. जमिनीवर वाळत टाकलेल्या फोडींवर दरवर्षी धूळ बसते, एखादी वळवाची सर येते, आणि व्यापारी तेवढ्यावर बोट ठेवून भाव पाडतो. शेड झाली की जाळीचे ट्रे येणार होते, दळायचं यंत्र येणार होतं, पाकिटावर गटाचं नाव येणार होतं. हे सगळं त्यानेच तीन बैठका घेऊन त्यांना पटवलं होतं. आता त्याला तिथे उभं राहवेना. तो उगाच नाल्यापर्यंत गेला आणि परत आला.

रविना कोकिळासमोर उभी होती. त्यालाही कळावं म्हणून ती मराठीत बोलली.

"काकी, झाड ठेवलं तर शेड जाते. शेड गेली तर दिवाळीनंतर मी पुन्हा पोराला घेऊन उसाच्या फडात. तूच सांग काय करायचं."

कोकिळा तिथून निघाली. तिचा नवरा जान्या इतका वेळ घराच्या दारात बसून होता. ती त्याच्याजवळ उकिडवी बसली आणि हळू आवाजात काहीतरी म्हणाली. जान्याने तिच्याकडे पाहिलं. मग आंब्याकडे पाहिलं. बराच वेळ तो डोकं खाजवत राहिला. शेवटी त्याने मान हलवली.

ती परत आली तेव्हा तिचे डोळे लाल होते.

"साहेब, तू उद्या ये," ती म्हणाली. "उद्या जागा मोकळी राहील."

हेमकांतने संमतीचा कागद पुढे केला. तिने तो घेतला नाही. "उद्या," ती म्हणाली.

पाड्यावरचे लोक झाड पाडून ठेवणार असं धरून अक्कलकुव्याला परतल्यावर त्याने ओंडके करायचं मशीन ठरवलं. आता सुटल्यासारखं वाटायला हवं होतं, पण जेवताना घास फिरत राहिला. झाडाचं वय त्याने विचारलं नव्हतं. बरं झालं नाही विचारलं, असं त्याने स्वतःला दोनदा सांगितलं.

दुसऱ्या दिवशी दहाच्या सुमारास तो मशीनवाल्या लोटनला घेऊन घाट चढत होता. एवढ्या बुंध्याचे तासाभरात ओंडके होतात, लोटन सांगत होता. हेमकांतचं लक्ष नव्हतं. शेवटच्या वळणावर आंब्याचा शेंडा दिसला. झाड उभंच होतं. झाड द्यायचं नाही असं ठरलं असणार. म्हणजे हेही केंद्र गेलं. त्याला राग आला, आणि रागाबरोबर थोडं हायसंही वाटलं.

गाडी थांबली. रस्त्याच्या कडेला कौलांची चळत लागली होती. चौघे जण कुडाची एक अख्खी भिंत खांद्यावर घेऊन मागचा चढ चढत होते. त्यांच्या पुढे जान्या, डोक्यावर सागाचा वासा. बायका ओळीने कौलं वर पोचवत होत्या, त्यात रविनाही होती. तिचं मूल आंब्याला बांधलेल्या झोळीत झोपलं होतं. डावीकडे घराच्या जागी शेणाने सारवलेली एक चौकोनी जमीन तेवढी उरली होती, आणि तिच्या कोपऱ्यात चूल.

कोकिळा हातांची माती झटकत पुढे आली. हेमकांतने चढाकडे पाहिलं, मग खाली नाल्याकडे.

"वर तर पाणी नाही, ताई," तो म्हणाला.

"पाणी वाहून नेईन," ती म्हणाली. "तू आता घराच्या बाजूने मोज. आंबा सोडून."