निशिगंधाच्या काड्या

अकरा वर्षांच्या अबोल्यानंतर शालनताई धाकट्या बहिणीच्या, प्रमिलाच्या दारात आली ती निशिगंधाच्या काड्या घेऊन. जुन्या भांडणाचा विषय काढायचं सुरुवातीला दोघींनीही टाळलं. ताईने स्वतःच फुलदाणीत पाणी भरलं.

"रोज पाणी बदल. देठ थोडे तिरके काप, चिमूटभर साखर घाल. खालची फुलं सुकली की खुडून टाक, म्हणजे वरच्या कळ्या उमलतात."

"ताई, त्या वेळी माझं चुकलं..."

"रविवारी येते पुन्हा. तेव्हा बोलू," म्हणत ताईने चपला घातल्या.

प्रमिलाने फुलं जिवापाड जपली. शनिवारी सकाळी भाच्याचा फोन आला.

"मावशी, आई गेली. गुरुवारी, हार्ट अटॅकने."

"आणि आज सांगतोस? मला तिचं तोंडही बघू दिलं नाहीस?"

"आजी गेली तेव्हा तूही आईला सगळं उरकल्यावरच कळवलं होतंस," तो शांतपणे म्हणाला.

फोन ठेवून प्रमिलाने फुलदाणीतलं पाणी बदललं आणि कात्री घेतली. ती देठ कापतच राहिली. नवऱ्याने येऊन कात्री काढून घेतली, तेव्हा ओट्यावर नुसते तुकडे पडले होते.