उवा काढताना

शाळेच्या बाईंनी लेकीला उवांपायी पुन्हा घरी पाठवलं. आईनं कपाळावर हात मारला. गिऱ्हाइकाचा झगा सुईखाली तसाच सोडून तिनं शिलाई मशीन बंद केलं, पांढरा कपडा अंथरला आणि पोरीला गुडघ्यांत धरून फणी चालवली. "औषध लावलं, अभ्रे उकळले, तरी येतात कुठून मेल्या?" नखावर नख दाबत ती करवादली. "बोल, नाहीतर चकोटच करते!" "मैत्रिणीच्या डोक्याला डोकं लावते, मुद्दाम." आईचा हात थांबला. "अगं, कशाला?" "उवा झाल्या की तू मशीन बंद करतेस." बराच वेळ फणी नुसतीच फिरत राहिली, कपड्यावर काही पडेना. "संपल्या का?" पोरीनं हळूच विचारलं. आईची पाठ मोडून आली होती, झगा आजच द्यायचा होता. रिकामी फणी झटकत ती म्हणाली, "छे, अजून खूप आहेत. हलू नकोस."