चार नंबरची पेटी

चार नंबरची पेटी चुकून चर्चमध्ये उतरली होती. ती परत द्यायला आर्डिस ज्यूंच्या सिनेगॉगच्या दारात उभी होती, आणि चांगलीच तापली होती.

गावातली बेघर कुटुंबं दर रविवारी दुपारी मुक्काम हलवायची. एक आठवडा सिनेगॉग, एक मशीद, एक चर्च. सगळ्यांनी मिळून वाटून घेतलेलं काम. या आठवड्याची पाळी आर्डिसच्या चर्चची. तिने स्वतः चार कुटुंबांचे बिछाने घातले, बारा जणांना पुरेल एवढं कोंबडी-बटाट्याचं रांधून ठेवलं. आणि आली तीनच! चौथं म्हणे सिनेगॉगमध्येच राहणार. कोण, का, ते कुणी सांगेना. सामानाच्या पेटीवरसुद्धा कुटुंबाचं नाव लिहायचं नाही, नुसता आकडा, असा नियमच होता.

"अहो रॅपापोर्ट, आमच्या चर्चमध्ये काटे टोचतात का यांना?" पेटी खाली आदळत ती म्हणाली. "डोक्यावर छप्पर नाही, पण नखरे बघा!"

"हळू बोला, आर्डिसबाई." सिनेगॉगची व्यवस्था बघणारे म्हातारे रॅपापोर्ट कसनुसे झाले. "आत ऐकू जातं."

"जाऊ दे की! मी काय कुणाला घाबरते?"

आत भांडी घासल्याचा आवाज थांबला. सहा-सात वर्षांची एक पोर धावत आली नि थेट आर्डिसच्या कमरेला बिलगली.

"आर्डिसआजी! तू इथे कशी?"

लिनिया. जोलीनची मुलगी. चर्चमध्ये दोघी मायलेकी आर्डिसच्याच बाकावर बसायच्या. आज सकाळीही बसल्या होत्या. निघताना आर्डिसने विचारलं होतं, "घरी सगळं ठीक ना गं?" आणि जोलीन "हो" म्हणाली होती.

जोलीन आता ओल्या हातांनी स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं. आर्डिसला मेल्याहून मेल्यासारखं झालं. बोललेला शब्द न शब्द परत गिळता आला असता तर तिने गिळला असता.

"आई म्हणाली, आम्ही चर्चमध्ये राहायला गेलो तर तू परत आमच्या शेजारी बसणार नाहीस," लिनिया म्हणाली. "बसशील ना गं?"

"बसेन की," आर्डिस म्हणाली. पण म्हणायला तिला क्षणभर उशीर झाला, आणि तेवढ्यात जोलीनने मुलीला आत बोलावून घेतलं होतं.