बेचाळीस सेकंदांचा फरक

"अठ्ठावीस सेकंद," मोठ्या साहेबांनी घड्याळाचा खटका दाबून जाहीर केलं. टायवाल्या विक्रेत्याने टाय सारखा केला. बिनटायवाल्याच्या संगणकाला तेच काम करायला सत्तर सेकंद लागले होते. पण त्याची किंमत बरोबर निम्मी होती आणि हे तो दर पाच मिनिटांनी सांगत होता.

काम एवढंच होतं: टेलिफोनधारकांची नावं वर्णक्रमाने लावायची. जिंकेल तो संगणक कचेरीत राहणार आणि टायपिस्टची जागा रद्द होणार, असं ठरलं होतं. चाचणीचा अहवाल टाइप करायचं काम अर्थातच टायपिस्टबाईंकडे होतं. बावीस वर्षांची नोकरी. स्वतःच्या निरोपाचा कागदही बाईंनी समास सोडून नीट टाइप केला असता.

चाचणीची चारशे नावं विक्रेत्यांनी घरूनच फ्लॉपीत भरून आणली होती. साहेबांना ते पटेना. त्यांनी कचेरीतला हस्तलिखित गठ्ठा काढला. त्यातही चारशेच नावं. "आता ही लावा," ते म्हणाले आणि पुन्हा घड्याळ सुरू केलं.

दोन्ही विक्रेते एकेका बोटाने अक्षरं शोधू लागले. अकराला बसलेले, जेवणाच्या सुटीपर्यंत टायवाला एकसष्टाव्या नावावर होता, दुसरा अठ्ठावन्नाव्या. टाय केव्हाच खिशात गेला होता. हेडक्लार्क म्हणाले, अशाने यादी पुरी होईतो निम्मे लोक फोन परत करतील.

शेवटी साहेबांनी घसा खाकरला. "बाई, जरा बसता का?"

बाई बसल्या. नजर गठ्ठ्यावर, बोटं कळांवर. तीनला पहिला संगणक भरला, साडेचारला दुसरा. मग एकाने अठ्ठावीस सेकंदांत नावं लावली, दुसऱ्याने सत्तर. विक्रेते त्या बेचाळीस सेकंदांवरून पुन्हा हमरीतुमरीवर आले. साहेब मात्र घड्याळाकडे बघत राहिले. दिवसभरात पहिल्यांदाच त्यांनी सेकंद सोडून तास मोजले होते.

"बाई, तुम्ही सांगा," ते म्हणाले. "कुठला घ्यावा?"

बाईंनी अहवालाचा कागद आपल्या टाइपरायटरमधून काढला, घडी न पाडता टेबलावर ठेवला.

"महागाच्या किमतीत स्वस्तातले दोन येतात, साहेब. दोन घ्या. एकावर मी बसेन."

"आणि दुसऱ्यावर?"

"त्याच्यासाठी जाहिरात द्यावी लागेल. मसुदा करू का?"

अशा रीतीने, टायपिस्टची एक जागा कमी करायला आणलेल्या संगणकापायी त्याच महिन्यात कचेरीत टायपिस्टच्या दोन जागा झाल्या.